एकसारखा उजेड देणारी विजेरी आणि उतरत जाणारे सेल
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



खेड्यातील माणसास विजेरीची पारख नवी नाही. रात्री शेतावर पाणी धरण्यास जाणारा शेतकरी निघण्यापूर्वी विजेरी एकदा भिंतीवर पाडून पाहतो. उजेड पांढरा पडला तर तो निःशंक बाहेर पडतो आणि पिवळा पडला तर ‘सेल उतरले’ असे म्हणून दुकानाची वाट धरतो, किंवा निदान काठी आपटत सावधपणे चालतो. ही परीक्षा त्यास कोणी पुस्तकातून शिकविली नाही. दोन-तीन पिढ्यांच्या अनुभवाने ती घराघरांत रुजली आहे आणि तारेच्या दिव्याच्या विजेरीपुरती ती अगदी बिनचूक होती. आता मात्र बाजारात ज्या विजेऱ्या येतात त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत ही परीक्षा फसवी ठरते. सेल भरलेले असोत वा शेवटच्या घटकेस आलेले असोत, अशी विजेरी भिंतीवर तोच शुभ्र गोल पाडते. आणि मग अर्ध्या वाटेवर, पूर्वसूचना न देता, विझते.

ही गोष्ट किरकोळ नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात मांडलेला आहे. त्यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले आहेत. मण्यार तर रात्रीच हिंडते. घोणस व फुरसे हीही तिन्हीसांजेनंतर वाटेवर आढळतात. अशा वाटेवर हातातील उजेड अकस्मात नाहीसा होणे म्हणजे काय, हे ज्या शिक्षकास रोज संध्याकाळी शाळेहून वस्तीवर परतावे लागते त्यास विस्ताराने सांगण्याची गरज नाही. तेव्हा ही नवी विजेरी अशी का वागते, तिच्याकडून सावधगिरीची सूचना कशी मिळवावी आणि हे सारे मुलांना कसे दाखवावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करणे बरे. बोलीत विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्या पोटातील घटास ‘सेल’. शास्त्राच्या तासाला मात्र बॅटरी म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या घटांची माला. मुलांच्या तोंडचा शब्द खोडून काढण्यात अर्थ नाही. पण ‘बॅटरी संपली’ या वाक्यात नेमके काय संपले, असा प्रश्न वर्गात एकदा अवश्य विचारावा. पुढील सर्व विवेचनाचे बीज त्या प्रश्नात आहे.

हाती धरावयाची विजेरी १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मायसेल याच्या नावे पेटंट झाली. त्या काळचे कोरडे घट इतके दुबळे व कोळशाच्या तारेचे दिवे इतके खादाड होते, की उजेड क्षणभर पाडावा, बटण सोडावे आणि घटास विसावा द्यावा, अशीच ती वापरावी लागे. इंग्रजीतील ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्या क्षणिक झळकण्यावरून पडले. पुढे टंगस्टनची तार आली, घट सुधारले आणि विजेरी सलग जळू लागली. तरीही तिचा स्वभाव पालटला नाही.

तो स्वभाव असा. तारेच्या दिव्याचा उजेड तार किती तापते यावर अवलंबून असतो आणि तारेचे तापणे घटाच्या विभवांतरावर. विभवांतर दहा टक्क्यांनी घटले तर उजेड दहा टक्क्यांनी घटत नाही. तो सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. विभवांतर वीस टक्क्यांनी उतरले की निम्म्याहून अधिक उजेड गेलेला असतो. शिवाय कमी तापलेली तार पांढऱ्याऐवजी पिवळा, मग तांबूस प्रकाश देते. म्हणजे सेल थोडासा उतरला तरी दिवा त्याची दवंडी पिटतो. आणखीही एक गुण त्या जुन्या दिव्यात होता. विभवांतर कमी झाले म्हणजे तो प्रवाहही कमी घेई. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण त्याने तंतोतंत पाळली. म्हणूनच पिवळी पडलेली विजेरी तशाच मिणमिणत्या उजेडात माणसास घरापर्यंत पोचवीत असे.

आता नवी विजेरी पाहू. तिच्यातील दिवा म्हणजे एलईडी, अर्थात प्रकाश उत्सर्जित करणारा अर्धवाहकाचा बारीकसा तुकडा. निळा प्रकाश देणारा तेजस्वी एलईडी १९९३ साली जपानात शुजी नाकामुरा यांनी सिद्ध केला आणि त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप देऊन थोड्याच वर्षांत पांढरा दिवा तयार झाला. निळ्या एलईडीच्या या कार्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या दिव्यात तापून लाल होणारी तार नाही, म्हणून तो मंद झाला तरी पिवळा पडत नाही. सेल उतरल्याची रंगावरून मिळणारी खूण येथेच नाहीशी झाली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पांढऱ्या एलईडीस पेटण्यासाठी साधारण तीन व्होल्ट विभवांतर लागते. त्याहून बरेच कमी दिले तर तो मुळीच पेटत नाही आणि थोडेसे अधिक दिले तर त्यातून जाणारा प्रवाह कित्येक पटींनी वाढून तो जळून जाण्याचा संभव असतो. दीड व्होल्टचा एक सेल त्यास पुरत नाही. दोन सेल नवे असताना जेमतेम पुरतात आणि लवकरच अपुरे पडतात. या चिकित्सक दिव्यास सेलाच्या चढउतारापासून वेगळे ठेवण्यासाठी मधे एक लहानसा परिपथ बसविलेला असतो. त्याचे काम एकच: सेलाकडून जे काही मिळेल त्यातून दिव्यास ठरलेला प्रवाह पुरवीत राहणे. त्यास नियंत्रक म्हणावे.

दोन सेलांचे विभवांतर तीन व्होल्टांहून कमी झाल्यावरही नियंत्रक दिव्यास तीन व्होल्ट कोठून देतो? चौकस विद्यार्थी हा प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही आणि त्यास ‘यंत्राची करामत’ असे उत्तर देऊन गप्प करणे बरे नव्हे. नियंत्रकात तारेचे एक वेटोळे व एक अतिशीघ्र स्विच असतो. स्विच लावला की वेटोळ्यातून प्रवाह वाहून त्यात ऊर्जा साठते. स्विच तोडला की तीच ऊर्जा अधिक विभवांतराने बाहेर फेकली जाते. हा खेळ सेकंदास हजारो वेळा चालतो. खालच्या हौदातील पाणी पंपाने उंच टाकीत चढविण्यासारखेच हे आहे. पाणी उंच चढते, पण तितक्याच शक्तीत कमी चढते. ऊर्जा निर्माण होत नाही. दिव्याकडे विभवांतर वाढवून दिले, तर सेलाकडून प्रवाह त्या मानाने अधिक घ्यावाच लागतो.

येथे फळ्यावर थोडे गणित मांडणे अगत्याचे आहे, कारण सारे मर्म त्यातच आहे. समजा, दिव्यास ३ व्होल्ट व ०.३ अँपिअर, म्हणजे ०.९ वॅट द्यावयाचे आहेत आणि वाटेत दहावा हिस्सा वाया जातो. मग सेलांकडून नियंत्रकास सतत १ वॅट हवा. प्रत्येक सेलास स्वतःचा अंतर्गत रोध असतो आणि सेल जसजसा वापरला जातो तसतसा तो वाढतो. समजा, नव्या दोन सेलांचे मूळ विभवांतर मिळून ३ व्होल्ट आणि रोध ०.६ ओहम आहे. १ वॅट काढण्यास सुमारे ०.३६ अँपिअर प्रवाह पुरतो. काही तासांनी मूळ विभवांतर २.६ व्होल्ट आणि रोध १ ओहम झाला असे धरू. आता तोच १ वॅट मिळविण्यास ०.४७ अँपिअर घ्यावे लागतात. आणखी काही वेळाने २.४ व्होल्ट व १.४ ओहम अशी स्थिती आली, तर ०.७१ अँपिअर लागतात. या वेळी सेलांच्या टोकांशी फक्त १.४ व्होल्ट शिल्लक राहतात आणि दिव्याकडे जाणाऱ्या ऊर्जेच्या तीन-चतुर्थांशाच्या जवळपास ऊर्जा सेलांच्या पोटात उष्णता होऊन फुकट जाते. भिंतीवरचा गोल मात्र पहिल्या क्षणी जसा होता तसाच आहे!

यापुढील पायरीवर रोध १.४ चा १.५ ओहम झाला, एवढाच फरक पडू द्यावा. कोणत्याही घटमालेतून जास्तीत जास्त किती शक्ती काढता येते यास एक मर्यादा आहे: मूळ विभवांतराच्या वर्गास अंतर्गत रोधाच्या चौपटीने भागावे. २.४ चा वर्ग ५.७६, त्यास ६ ने भागले असता ०.९६ वॅट येतात. नियंत्रकास हवा आहे १ वॅट. तो मिळविण्यासाठी तो प्रवाह वाढवितो; प्रवाह वाढला की सेलाच्या पोटातील घट वाढून विभवांतर आणखी पडते; ते पडले म्हणून तो प्रवाह आणखी वाढवितो. उत्पन्न घटले तरी घरखर्च तोच ठेवून कर्ज काढीत राहणाऱ्या कुटुंबासारखी ही अवस्था होय. शेजाऱ्यापाजाऱ्यांस घराची ऐट शेवटच्या दिवसापर्यंत तशीच दिसते. मग एका क्षणी सारे कोसळते आणि विजेरी विझते, किंवा पटपट उघडझाप करू लागते. (हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; सेलाची जात व माप बदलले तर ते बदलतील, पण कोसळण्याची रीत हीच राहील.)

वेळ आडव्या अक्षावर व उजेड उभ्या अक्षावर घेऊन दोन्ही विजेऱ्यांचे आलेख काढले, तर जुन्या विजेरीचा आलेख लांबट उतरणीसारखा येतो. नव्या विजेरीचा आलेख सह्याद्रीच्या माथ्यासारखा येतो. पठारावरून पश्चिमेकडे चालत राहावे, भूमी सपाट वाटत राहावी आणि एकदम पायापुढे कोकणकडा यावा, तसा. धुक्यात चालणाऱ्यास कडा किती दूर आहे हे पठाराच्या सपाटीवरून कळत नाही.

सर्वच नव्या विजेऱ्या एका मुशीतल्या नसतात, हेही सांगितले पाहिजे; नाही तर विद्यार्थी घरची विजेरी तपासून शिक्षकासच खोटे पाडील. आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, वीजजोडणीवर भरावयाच्या पुष्कळ विजेऱ्यांत ४ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी आणि नियंत्रकाऐवजी साधा रोध असतो. त्यांचा उजेड रंग न बदलता हळूहळू मंदावतो. लिथियम-आयन सेलाच्या काही विजेऱ्यांत नियंत्रक केवळ जादा विभवांतर झेलून घेण्याचे काम करतो. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो, दिव्यास तीनच्या आसपास लागतात. मधला फरक नियंत्रक उष्णतेच्या रूपाने सोसतो. सेल उतरत जाऊन फरक संपला की नियंत्रकाचे काही चालत नाही आणि तेथून उजेड उतरणीस लागतो. अशी विजेरी थोडी तरी सूचना देते. परंतु लिथियम-आयन सेलास बहुधा एक संरक्षक परिपथ जोडलेला असतो. विभवांतर फार खाली, साधारण अडीच व्होल्टांच्या सुमारास गेले की तो सेलाचा संबंध साफ तोडून टाकतो. मग मिणमिणता उजेडसुद्धा उरत नाही. हे तोडणे सेलाच्या हिताचे आहे. अतिरेकी उतरलेल्या लिथियम सेलात तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळतो आणि तो पुन्हा भरताना आतल्या आत जोडला जाऊन सेल पेटण्याचा धोका असतो. तसा निपचित पडलेला सेल तारा जोडून, काही तरी युक्ती करून ‘जिवंत’ करण्याचे प्रयोग मोठी मुले करतात. त्यांस ठाम मनाई करावी.

भरून पुन्हा वापरता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल अनेक शाळांत आता आले आहेत. ते आपल्या आयुष्याचा बहुतेक भाग १.२ व्होल्टांच्या आसपास स्थिर राहतात आणि शेवटी एकदम खाली येतात. म्हणजे सेलही सपाट आणि नियंत्रकही सपाट. सूचना दोन्हीकडून बंद. अल्कलाइन सेल त्या मानाने उताराचा आहे, पण त्याचा उतार नियंत्रक झाकून ठेवतो.

मोबाईल दूरध्वनीचा दिवा ही आज खेड्यातील सर्वांत अधिक वापरली जाणारी विजेरी आहे. तिचाही उजेड नियंत्रित असतो. पडद्यावर टक्केवारी दिसते हा तिचा मोठा गुण; पण बॅटरी फार उतरली की काही दूरध्वनी हा दिवा लावूच देत नाहीत आणि शेवटी संपूर्ण यंत्र बंद पडते. तेव्हा उजेडाबरोबर बोलावण्याचे साधनही जाते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. अंधारात साप चावलेल्या माणसाच्या हाती त्या क्षणी त्या क्रमांकापुरती तरी वीज शिल्लक हवी. उजेडासाठी विजेरी वेगळी आणि बोलण्यासाठी दूरध्वनी वेगळा, अशी विभागणी ज्या घरात परवडते तेथे ती करावी, हे पालकसभेत सांगण्याजोगे आहे.

विजेरी वाटेवर विझलीच तर काय करावे? वरील गणितात विझलेल्या सेलांमधूनही ०.९६ वॅट निघत होते, हे विसरू नये. अनेक विजेऱ्यांत कमी उजेडाची सोय असते. मोठ्या उजेडास १ वॅट लागत असेल तर लहान उजेडास त्याचा विसावा हिस्साही पुरतो. तेवढी शक्ती त्याच सेलांकडून अवघ्या ०.०२ अँपिअरने मिळते आणि सेल ती आनंदाने, पुष्कळ वेळ देतात. म्हणून विझलेली विजेरी क्षणभर बंद करून, सेलांस विसावा देऊन, अगदी लहान उजेडावर लावून पाहावी. पायापुरती वाट दिसण्यास तो उजेड पुरतो. मात्र बटण दाबताच प्रथम मोठा उजेड लागतो अशी जिची रचना आहे, ती विजेरी त्या पहिल्याच धक्क्याने पुन्हा विझते. विकत घेताना लहान उजेड आधी लागतो की मोठा, हे दुकानातच पाहून घ्यावे. तेजाच्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा ही बाब अधिक कामाची आहे.

सेल उन्हात वाळविण्याची रीत सर्वत्र आहे आणि ती निव्वळ भाबडी नव्हती. जस्त-कार्बनच्या सेलास ऊब व विसावा मिळाला की आतील रासायनिक क्रिया थोडी सावरते व दिवा काही मिनिटे बरा जळतो. लिथियम-आयन सेल उन्हात ठेवणे मात्र घातक आहे. त्याने सेल भरत नाही, उलट बिघडतो, फुगतो आणि प्रसंगी पेटतो. आजीने सांगितलेली रीत कोणत्या सेलास लागू आहे आणि कोणत्यास नाही, हे मुलांकडूनच घरी कळवावे. आजीचा अधिक्षेप न होईल अशा बेताने.

सेलाची खरी स्थिती जाणण्याचे उपाय थोडे आहेत. विजेरीत सूचक दिवा असेल तर उत्तम. मल्टिमीटर असेल तर सेल विजेरी जळत असतानाच मोजावा. विसावलेला सेल आपली दुर्बलता लपवितो. आकडा वाचतानाही जात पाहावी लागते: १.२५ व्होल्ट दाखविणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल धडधाकट असू शकतो, पण तोच आकडा दाखविणारा अल्कलाइन सेल बराच उतरलेला असतो. यांपैकी काहीही हाताशी नसेल तर तारेच्या दिव्याची, त्याच मापाचे सेल घेणारी एखादी जुनी विजेरी शाळेच्या कपाटात जपून ठेवावी. सेल तिच्यात घालताच ती पिवळी पडून खरे ते सांगते. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे सेल घातल्याची तारीख कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून विजेरीस चिकटविणे.

मुलांस हसतखेळत करून पाहता येईल अशीही एक परीक्षा आहे. अल्कलाइन सेल फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर उंचीवरून उभा सोडावा. नवा सेल धप्पकन बसतो, वापरलेला उसळी घेतो; कारण आतील जस्ताचा लिबलिबीत लगदा ऑक्साइड होऊन घट्ट बनतो. परंतु २०१५ साली अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की सेल साधारण अर्धा वापरला गेला म्हणजे उसळी पूर्ण वाढलेली असते. तेव्हा उसळणारा सेल नवा नाही एवढेच समजावे. तो संपला असा निकाल देऊ नये.

आता प्रयोग. रॉबर्ट बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाची तेलाच्या डागाची युक्ती यास फार उपयोगी आहे आणि खर्च जवळजवळ नाही. जाड पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी खाद्यतेलाचा एक थेंब जिरवावा व कागद मेजावर उभा करावा. खिडक्या लावून वर्ग अंधारा करावा. कागदाच्या एका बाजूस ३० सेंटिमीटरवर मेणबत्ती ठेवावी. दुसऱ्या बाजूस विजेरी ठेवावी आणि तिचा झोत पसरावा म्हणून तोंडावर पतंगाच्या पांढऱ्या कागदाचे दोन-तीन पदर बांधावेत. मेणबत्तीच्या बाजूने पाहिले असता, मागून अधिक उजेड येत असेल तर डाग उजळ दिसतो. पुढून अधिक येत असेल तर काळसर दिसतो. विजेरी मागेपुढे सरकवीत डाग जवळजवळ नाहीसा होईल ती जागा शोधावी. दोन्ही प्रकाशांचे रंग निराळे असल्याने तो पुरता जाणार नाही; सर्वांत पुसट दिसेल ती जागा धरावी. अंतर ९० सेंटिमीटर आले तर ते मेणबत्तीच्या तिप्पट, म्हणून विजेरीचा उजेड तीनचा वर्ग, म्हणजे नऊपट. पुढे तीच जागा ६० सेंटिमीटरवर आली तर उजेड चौपट उरला. नवाचे चार झाले, निम्म्याहून अधिक उजेड गेला. तरीही नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांस फारसा फरक जाणवलेला नसतो. डोळा उजेडाच्या प्रमाणांवर चालतो आणि हळूहळू होणाऱ्या बदलाशी जुळवून घेतो, ही गोष्ट या प्रयोगाइतकी दुसऱ्या कशाने पटणार नाही.

दर अर्ध्या तासाने पाळीपाळीने एकेका गटाने वाचन घ्यावे व फळ्यावरील आलेखात ठिपका मांडावा. विजेरी लावल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच उजेड एक पायरी उतरलेला दिसला तर सेलास दोष देऊ नये. दिवा फार तापू नये म्हणून पुष्कळ विजेऱ्या मुद्दामच तसे करतात. दुपारच्या सुट्टीत विजेरी विझली आणि कडा कोणी पाहिलाच नाही, असे घडण्याचा संभव दांडगा आहे. त्या वेळी एका तरी चिकाटीच्या विद्यार्थ्यास बसवून ठेवावे.

हा आलेख हाती आला म्हणजे विजेरीच्या खोक्यावरील मजकूर वाचण्यास घ्यावा. ‘दहा तास चालते’ याचा अर्थ काय? अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या एफएल-१ या मानकाप्रमाणे, विजेरी लावल्यानंतर तीस सेकंदांनी जो उजेड असतो त्याचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा काळ हा तिचा चालण्याचा काळ. एक विजेरी दहा तास एकसारखी जळून कोसळेल. दुसरी पहिल्या तासातच निम्म्यावर येऊन उरलेले नऊ तास मिणमिणत राहील. खोक्यावर दोघींचा आकडा एकच येईल. आणि पुष्कळ खोक्यांवरील आकडा कोणत्याच मानकाचा नसतो.

शेवटी सेलांच्या जपणुकीविषयी दोन शब्द. नवा व जुना सेल एकत्र घालण्याची काटकसर नियंत्रित विजेरीत महाग पडते. जुना सेल संपला तरी नवा जोर लावीत राहतो आणि नियंत्रक शेवटपर्यंत ओढीत राहतो. संपलेल्या सेलातून प्रवाह उलट्या विभवांतराने ढकलला जाऊन तो पाझरतो. अल्कलाइन सेलातून पाझरणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड पितळी पट्ट्या खाऊन टाकते आणि मुलांच्या बोटांस व डोळ्यांस इजा करते. शाळेची विजेरी उन्हाळी सुट्टीत बंद राहावयाची असेल तर सेल काढूनच ठेवावी. शिसे-आम्लाची असेल तर मात्र पूर्ण भरून ठेवावी आणि सुट्टीत कोणी तरी एकदा पुन्हा भरावी. उतरलेल्या स्थितीत पडून राहिली तर ती जूनमध्ये भरणार नाही.

विजेरीने टाकून दिलेले सेल लागलीच फेकू नयेत. वर्गातील भिंतीवरच्या घड्याळास अत्यल्प प्रवाह लागतो. विजेरीतून निकामी ठरलेला सेल त्यावर कित्येक महिने चालतो. फक्त महिन्यातून एकदा तो ओलसर तर झाला नाही ना, हे पाहण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवावे.